टाचेमागची नस : चोळण्याआधी हे वाचा

बासी ईदचा दिवस होता. अकोल्याला माहेरी आम्ही सगळी भावंडे जमलो होतो. घरामागच्या मोकळ्या जागेत मुलांनी बॅडमिंटनची जाळी बांधली होती. भाईजान तेव्हा ४३ वर्षांचे, कापडाच्या दुकानात सेल्समन. महिनाभराचे रोजे झालेले, शेवटच्या अशऱ्यात ताप-खोकल्याने बेजार, आणि खेळ म्हणाल तर शाळा सुटल्यापासून बंद. मुलांनी हाक मारली तसे ते उठले, चार-सहा फटके मारले, आणि उंच आलेले शटल घ्यायला मागे सरकून उसळी घेतली तसे एकदम थांबले. वळून म्हणाले, "कोणी मारलं रे मागून?"

मागे कोणीच नव्हते. टाचेच्या वर कुणीतरी काठी हाणल्यासारखे त्यांना वाटले होते. वाळकी काडी मोडावी तसा आवाज जवळ उभ्या असलेल्या त्यांच्या मुलानेही ऐकला होता. पाच-दहा मिनिटांनी ते लंगडत, पण स्वतःच्या पायांनी चालत घरात आले. चालता येते म्हणजे काही मोडलेले नाही, असे आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकले. मीही.

संध्याकाळी ओळखीच्या एका मालिशवाल्याला बोलावले. त्याने पाय मांडीवर घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि सांगितले, "काई नाई झालं भाऊ, नस चढली हाये. पंधरा दिसात पयाले लागसान." मग रोज कोमट तेल, चोळणे, पंजा धरून वर ओढणे. दहा दिवसांनीही सूज उतरेना म्हणून एका दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत होते. लचक आहे असे सांगून पट्टी बांधून दिली. दुखणे हळूहळू कमी होत गेले, त्यामुळे सगळ्यांना हायसे वाटले.

पाचव्या आठवड्यात मी पुन्हा अकोल्याला गेले. माळ्यावरची पेटी काढायला भाईजान चवड्यांवर उभे राहू लागले. उजवी टाच उचलली गेली, डावी जमिनीलाच चिकटून राहिली. पेटीचा नाद सोडून त्यांना नुसत्या डाव्या पायावर टाच उचलायला सांगितले. इंचभरसुद्धा उठली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना अमरावतीला घेऊन आले.

अस्थिरोगतज्ज्ञांनी त्यांना टेबलावर पालथे झोपवले, पावले काठाबाहेर सोडली आणि पोटरी हाताने दाबली. उजवी पोटरी दाबली की पंजा खाली झुकत होता. डावी दाबली, पंजा हलला नाही. अर्ध्या मिनिटाची तपासणी. सोनोग्राफीत तुटलेल्या दोन टोकांमधले अंतर स्पष्ट दिसले. ज्या जागी आम्ही रोज तेल जिरवत होतो, नेमक्या त्याच जागी.

एक शब्द, तीन वस्तू

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मला सर्वांत जास्त टोचला तो शब्द म्हणजे 'नस'. सलाइन लावताना सापडत नाही ती नस. कमरेत दबते आणि पायाला मुंग्या येतात तीही नस. आणि टाचेमागे दोरीसारखी हाताला लागते तीसुद्धा नसच. पहिली रक्तवाहिनी आहे. दुसरी मज्जातंतू, म्हणजे मेंदूचे निरोप नेणारी तार. तिसरी ना रक्त वाहून नेते ना निरोप. ती स्नायूला हाडाशी बांधणारा दोर आहे. पुस्तकी मराठीत तिला कंडरा म्हणतात, डॉक्टर टेंडन म्हणतात. उर्दूत आपण 'पट्ठा' म्हणतो, त्यातही स्नायू आणि दोर दोन्ही येतात. अरबी शब्द मात्र नेमका आहे, 'वतर', म्हणजे धनुष्याची दोरी.

हा घोटाळा काही आपल्याच घरचा नाही. जुन्या ग्रीक भाषेत 'न्यूरॉन' हा एकच शब्द मज्जातंतूलाही होता आणि कंडरेलाही. दिसायला दोन्ही पांढरट दोरेच. या गोंधळापायी कंडरेला टाका घातला तर रुग्णाला झटके येतील, अशी भीती शल्यवैद्यांना शतकानुशतके वाटत राहिली. तुटलेली कंडरा शिवावी असे सांगणाऱ्या पहिल्या वैद्यांमध्ये वैद्यकाचे इतिहासकार इब्न सिना (९८० ते १०३७) यांचे नाव घेतात. आणि आम्ही, हजार वर्षांनी, तेलाची वाटी घेऊन बसलो होतो.

चढलेली नस उतरवता येते, सरकलेली नस बसवता येते असे आपल्याला वाटते, म्हणून आपण चोळतो. "दोर तुटला आहे" असे कोणी म्हटले असते, तर चोळायचे आमच्या मनातही आले नसते.

मालिश आणि सांधे बसवण्याची विद्या आपल्या वऱ्हाडात तालमींमधून आली आहे, आणि मी तिची चेष्टा करणार नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या खेळाडूंनी तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. ज्या गावात इतका खेळ, तिथे आखडलेले अंग ओळखणारे हातही तयार होतात. थकलेल्या पोटरीला, धरलेल्या पाठीला त्या हातांनी आराम पडतोच. पण तुटलेल्या कंडरेची टोके चोळून जुळत नाहीत, आणि पंजा वर ओढला की उलट एकमेकांपासून आणखी लांब जातात.

चालता आले तरी फसू नका

कापसाच्या मुलखातल्या माणसाला कंडरा समजावून सांगणे सोपे आहे. धाग्यांना पीळ देऊन सूत, सुतांची दोरी, दोऱ्यांचा दोर. कंडरेची बांधणी तशीच असते, फक्त धागे कापसाऐवजी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. टाचेमागची कंडरा शरीरातली सर्वांत जाड आणि दणकट. पोटरीच्या दोन स्नायूंना ती टाचेच्या हाडाशी बांधते, लांबी साधारण १५ सेंटिमीटर. ग्रीक कथेतल्या अकिलिस या योद्ध्याचे नाव तिला मिळाले आहे, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'अकिलिस टेंडन' असे लिहिलेले दिसते. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. ७० किलोच्या माणसाच्या बाबतीत तो चार क्विंटलच्या वर जातो, आणि तोही दर पावलाला.

एवढा मजबूत दोर तुटतो कसा? टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या पट्ट्यात त्याला रक्ताचा पुरवठा कमी असतो. वय वाढते तशी त्या जागेची आतली वीण विरत जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही. मग एक दिवस अचानक उसळी, अचानक धाव. बहुतेक रुग्ण तिशी ते पन्नाशीतले पुरुष असतात, एरवी बसून किंवा उभे राहून काम करणारे आणि कधीतरी सणासुदीला खेळणारे. भाईजानांचे वर्णन जसेच्या तसे. मागून कोणी मारले असे वाटणे हेही इतके नेहमीचे आहे की डॉक्टर ते वाक्य ऐकूनच सावध होतात.

चालता येते याचे कारण वेगळेच आहे. घोट्याच्या आतल्या बाजूने आणि बाहेरच्या बाजूने आणखी काही कंडरा तळव्याकडे जातात. त्या शाबूत असतात आणि पंजा थोडाफार खाली ढकलतात. त्यामुळे "पाय हलवून दाखवा" म्हटले की रुग्ण हलवून दाखवतो. एक्स-रेमध्ये हाड दिसते, कंडरा दिसत नाही. परदेशांतल्या अभ्यासांनुसार पहिल्या तपासणीत अशा रुग्णांपैकी साधारण पाचातला एक सुटून जातो, तेव्हा ज्यांनी आमची पट्टी बांधली त्या डॉक्टरांवर मी फार राग धरत नाही. पण पोटरी दाबून पाहिली असती तर बरे झाले असते.

ती तपासणी घरी कोणालाही करता येते. ब्रिटिश शल्यविशारद सिमंड्स यांनी १९५७ मध्ये आणि अमेरिकेतल्या थॉम्पसन यांनी १९६२ मध्ये ती प्रसिद्ध केली, दोघांची नावे तिला आहेत. जखमी माणसाला पलंगावर पालथे झोपवावे, पावले काठाबाहेर लोंबती ठेवावीत, पाय सैल सोडायला सांगावे. आधी चांगल्या पायाची पोटरी तळहाताने आवळावी. पंजा खाली झुकेल. मग दुखऱ्या पायाची. पंजा जागचा हलला नाही, किंवा चांगल्यापेक्षा खूपच कमी हलला, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. पंजा हलला, पण टाचेमागे खळगा लागतो आहे किंवा टाच उचलता येत नाही, तरीही जावे, कारण अर्धवट फाटलेली कंडरा या तपासणीत निसटू शकते. अमरावतीकरांना जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपले इर्विन, आणि अकोलेकरांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहेच. तिथे पोचेपर्यंत पायावर भार टाकू नये, चोळू नये, शेकू नये, पंजा वर ओढू नये. बोटे खाली झुकलेल्या स्थितीत पाय फळीला किंवा जाड पुठ्ठ्याला सैलसर बांधावा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. बोटे खाली असली की तुटलेली टोके एकमेकांजवळ येतात, हे त्यामागचे कारण.

लवकर पोचले तर सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागते असे नाही. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी पाचशेहून अधिक रुग्णांवर केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना फक्त बोटे खाली ठेवून प्लास्टर आणि पट्टा दिला, काहींची नेहमीची शस्त्रक्रिया केली, काहींची लहान छेदांतून. वर्षभरानंतर तिन्ही गटांतल्या रुग्णांची चाल, ताकद, समाधान जवळपास सारखेच निघाले. फरक दोन ठिकाणी पडला. शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के लोकांची कंडरा पुन्हा तुटली, शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण एक टक्क्याच्याही आत होते. उलट मज्जातंतूला इजा होण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेत जास्त होते. मधुमेह असलेल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाची जखम भरायला वेळ लागतो, तेव्हा कोणता मार्ग घ्यायचा हे डॉक्टरांशी बसून ठरवायचे. पण ही निवड पहिल्या दोन आठवड्यांत पोचणाऱ्यांची आहे. चार आठवडे उलटले की पोटरीचा स्नायू आखडतो, टोके वर सरकतात, मधे नुसता निकामी वण भरतो. तिथे प्लास्टरने काम होत नाही.

भाईजानांच्या पायाच्या अंगठ्याला खाली वाकवणारी कंडरा काढून टाचेच्या हाडात बसवावी लागली. अंगठ्याची ताकद थोडी गेली, चालण्याला अडथळा आला नाही. एका कंडरेचे काम दुसरीकडून करून घेता येते हे मला आधी खरेच वाटले नाही. मग डॉक्टरांनी तपोवनाची आठवण काढली. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरुग्णांसाठी १९४६ मध्ये उभे केलेले तपोवन आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कुष्ठरोगात दोर शाबूत असतो, तार मरते. पंजा उचलणाऱ्या स्नायूंचा मज्जातंतू निकामी होतो आणि पाऊल लोंबते. अशा पायात आतल्या घोट्यामागची चांगली कंडरा सोडवून पावलाच्या पुढच्या बाजूला आणून शिवतात, म्हणजे तीच आता पंजा वर उचलू लागते. तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या हातांवर अशाच कंडरा-बदलाच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्यातून कितीतरी लोक पुन्हा हाताने जेवू लागले, काम करू लागले. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला ती कंडरा नव्या कामाला लावायला शिकावे लागते. भाईजानांनाही शिकावे लागले. सुरुवातीला ते अंगठा वाकवायचा विचार करत, तेव्हा टाच उचलली जाई.

औषधाच्या पट्टीतला धोका

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी एक अनपेक्षित प्रश्न विचारला होता. "गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली होती का?" भाईजानांनी रमजानच्या शेवटच्या दिवसांत खोकल्यासाठी मेडिकलमधून विचारून घेतलेल्या गोळ्यांची पट्टी भाभींनी पर्समधून काढून दिली. लिव्होफ्लॉक्सासिन.

सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या एकाच कुळातल्या गोळ्या. जुलाब, लघवीची जळजळ, टायफॉइड, छातीचा संसर्ग, आपल्या घराघरांतल्या डब्यांत त्यांच्या अर्ध्या पट्ट्या पडलेल्या असतात. या औषधांमुळे काही लोकांच्या कंडरा दुखावतात, क्वचित तुटतात, आणि त्यातही टाचेमागची सर्वांत जास्त. गोळ्या सुरू असताना हे होऊ शकते आणि बंद केल्यावर काही महिन्यांनीही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये या औषधांवर चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा छापायला लावला. साठीच्या पुढचे, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे आणि मूत्रपिंड बदललेले लोक यांना धोका जास्त. भाईजानांची कंडरा त्यामुळेच तुटली असे डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणत नाही. वय होते, महिनाभराचा आराम होता, अचानक उडी होती, त्यात हेही होते.

बहुतेकांना या गोळ्यांनी काही होत नाही, आणि काही आजारांत त्या लागतातच. डॉक्टरांनी लिहून दिल्या असतील तर हे वाचून स्वतःच्या मनाने बंद करू नका. मात्र गोळ्या सुरू असताना टाचेमागे किंवा घोट्याजवळ दुखू लागले, तर पळणे, उड्या मारणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, ते दुसरे औषध देतील. आणि मेडिकलच्या काउंटरवरून "खोकल्याचं काहीतरी द्या" म्हणून अँटिबायोटिक आणणे बंद करा. आमच्या घरी ते आता बंद आहे.

न तुटता दुखणारी

सगळ्यांचे दुखणे इतके नाटकी नसते. माझे काही जुने विद्यार्थी पोलीस भरतीची तयारी करतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचे असते. जाहिरात निघाली की पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, पहिल्या दिवसापासून पूर्ण अंतर. तिसऱ्या आठवड्यात टाचेमागची कंडरा सकाळी काडीसारखी ताठ होते, चार पावले चालले की सैल पडते, पळून आल्यावर पुन्हा ठणकते. बोटांच्या चिमटीत धरली तर मधेच जाडसर गाठ लागते. दोराचे धागे विस्कटले आहेत, असा त्याचा अर्थ.

यावर पूर्ण विश्रांती हा इलाज नाही, हे कळायला डॉक्टरांनाही वेळ लागला. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांची टाच अशीच दुखत होती. शस्त्रक्रिया करा म्हणून ते वरिष्ठांकडे गेले, त्यांनी नकार दिला. मग कंडरा तुटलीच तर करावी लागेल, या त्राग्याने आल्फ्रेडसन रोज तिच्यावर जाणूनबुजून भार टाकू लागले. ती तुटली नाही, बरी झाली. १९९८ मध्ये त्यांनी १५ धावपटूंवरचा अनुभव प्रसिद्ध केला आणि तो व्यायाम जगभर गेला. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून, कठड्याला धरून उभे राहायचे. दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची. पंधरा वेळा, असे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून आणि तीन गुडघा किंचित वाकवून, सकाळी आणि संध्याकाळी. रोजचे १८० होतात. बारा आठवडे. थोडे दुखले तरी चालते, दिवसागणिक वाढत गेले तर नाही. दुखणे अगदी टाचेच्या हाडाला चिकटून असेल तर टाच पायरीच्या खाली नेऊ नये, सपाट जमिनीवरच करावे. तुटल्याचा संशय असेल तर यातले काहीही करू नये. आणि मैदानी चाचणीच्या आदल्या दिवशी दुखणे मारण्यासाठी कंडरेजवळ स्टिरॉइडचे इंजेक्शन घेण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्या मुलाला घरी बोलावून समजवा. दुखणे दबते, कंडरा कमजोर होते, आणि ती मैदानावरच तुटण्याची भीती असते.

आता आपल्याविषयी, भगिनींनो. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये, विशेषतः वजन, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर, आतल्या घोट्यामागून तळव्याकडे जाणारी कंडरा हळूहळू सैल पडते. तळव्याची कमान तीच तोलून धरते. सुरुवातीला घोट्याच्या आत दुखते, सूज येते, मग एका पायाचा तळवा सपाट होऊ लागतो आणि चपलेची आतली बाजू लवकर झिजते. मुलीला मागून पाहायला सांगा. एका पायाची बोटे बाहेरच्या बाजूने जास्त दिसत असतील, किंवा त्या एकट्या पायावर टाच उचलता येत नसेल, तर "चाळिशीचे दुखणे" म्हणून सोडू नका. वेळेत कमानीला आधार देणारा इनसोल, घोट्याचा पट्टा आणि व्यायाम पुरतो. उशीर झाला की पाऊल वाकड्या स्थितीतच घट्ट होते आणि मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. तळटाच सकाळच्या पहिल्या पावलाला टोचत असेल तर ते बहुधा तळव्यातल्या पडद्याचे दुखणे असते, कंडरेचे नव्हे. आणि ज्यांच्या टाचेमागची कंडरा तरुणपणीच दोन्ही पायांत जाड, गाठाळ झाली असेल त्यांनी कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. काही घराण्यांत ते वारशाने खूप वाढलेले असते आणि पहिली खूण तिथे दिसते.

हज किंवा उमऱ्याला निघणाऱ्यांसाठी एवढेच. सफा-मरवाच्या सात फेऱ्याच तीन किलोमीटरच्या वर जातात, तवाफ आणि मुक्कामापासूनचे चालणे वेगळे. ज्या अम्मी घरात स्वयंपाकघर ते अंगण इतकेच चालतात, त्यांनी दोन-तीन महिने आधीपासून रोज थोडे थोडे वाढवत चालावे. बायकांना इहराममध्येही बंद बूट चालतात, तेव्हा पातळ रबरी चपलांचा हट्ट धरू नये.

प्लास्टरचे दिवस

भाईजान सर्वांत अस्वस्थ होते ते नमाजसाठी. वुजू कसा करायचा, सजद्यातून उठायचे कसे? मोहल्ल्यातल्या इमाम साहेबांनी दोन वाक्यांत गुंता सोडवला. प्लास्टरवर ओल्या हाताने मसह करा, आणि बरे होईपर्यंत खुर्चीवर बसून पढा. डॉक्टरांचेही तेच म्हणणे होते. कअद्यात बसताना दुमडलेल्या पावलावर शरीराचा भार येतो, उजवे पाऊल चवड्यावर उभे राहते, आणि सजद्यातून उठताना कंडरेला झटका बसतो. नव्या टाक्यांना ते झेपत नाही. पण सुरुवातीला मशिदीत खुर्चीवर बसायची त्यांना लाज वाटे, ते शेवटच्या सफीत कोपऱ्यात बसत.

प्लास्टरमध्ये पाय असताना पोटरी अचानक सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली, तर थांबू नये. पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. हे आम्हाला दवाखान्यातून निघताना नर्सने सांगितले होते, आणि मला वाटते ते प्रत्येकाला लिहून द्यायला हवे.

साडेचार महिने भाईजानांना पगार नव्हता. भाभींनी शिवणयंत्र माळ्यावरून खाली काढले, मोठ्या मुलाची शिकवणी बंद झाली. पहिल्या आठवड्यात पोचलो असतो तर यातले किती टळले असते याचा हिशेब मी करत नाही, भाभी मात्र कधी कधी करतात. अकोला-अमरावती हायवेवर २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला होता. तपासणीसाठी त्याच रस्त्याने येता-जाता भाईजान म्हणत, "रस्ता पाच दिवसांत झाला, माझं काय रखडलंय?" कंडरेत पेशी थोड्या, रक्त थोडे, ती आपल्या गतीने भरते. सहा-आठ आठवडे बूट आणि टाचेखालच्या पाचरी, मग एक एक पाचर कमी करत जाणे, पळायचे असेल तर सहा महिन्यांच्या पुढे, आणि पूर्ण ताकद यायला नऊ महिने ते वर्ष. भाईजानांसारख्या उशिरा पोचलेल्यांना त्याहून जास्त.

आता ते दुकानात पुन्हा उभे राहतात. पायऱ्या चढतात, उकिडवे बसणे अजून जड जाते. दुकानातून आले की दाराच्या पायरीवर कठड्याला धरून उभे राहतात आणि टाचा उचलतात. मोजायला हातात तसबीह असते, तिचे मणी पंधरावर अडवायला भाभींनी लाल दोरा बांधून दिला आहे. मागच्या जुम्याला फोन आला. एकट्या डाव्या पायावर सहा झाले होते.